घुमा की मितभाषी?

कमी बोलणाऱ्या माणसासाठी मराठीत किती शब्द आहेत, ते एकदा मोजून पाहावं. मितभाषी, अबोल, शांत, बुजरा, भिडस्त, मुखदुर्बळ, शिष्ट, तुसडा, घुमा, आतल्या गाठीचा. वागणं साधारण एकच. चारचौघांत हा माणूस फारसा बोलत नाही. पण तो आपल्याला आवडत असला की मितभाषी असतो, त्याची कणव वाटत असली की बुजरा, त्याच्याबद्दल मनात शंका असली की आतल्या गाठीचा, आणि त्याच्याशी बिनसलं की घुमा. दुसऱ्या टोकाला बोलका, गप्पिष्ट, बडबड्या, वाचाळ, तोंडाळ. आपल्या बाजूने बोलणारा ठाम असतो, विरुद्ध बोलणारा हट्टी. ज्या करारीपणासाठी पुरुषाला खमका म्हणून मान मिळतो, त्याच करारीपणासाठी बाईला कजाग म्हटलं जातं.

हे शब्द मला फार आवडतात आणि त्यांची भीतीही वाटते. माणसाच्या वागण्यातल्या बारीक छटा त्यांनी टिपल्या आहेत. पण प्रत्येक शब्दात वर्णनाबरोबर निकालही दिलेला आहे, आणि हा निकाल बहुतेक वेळा त्या माणसापेक्षा आपल्या आणि त्याच्या नात्याबद्दल जास्त सांगतो.

आता या जुन्या शब्दांच्या जोडीला नवे शब्द आले आहेत. इंट्रोव्हर्ट, एक्स्ट्रोव्हर्ट, चार अक्षरांचे संकेत, लाल-पिवळ्या-हिरव्या-निळ्या रंगांचे स्वभाव. कंपन्यांत नव्या माणसाला कामावर घेताच त्याची प्रश्नावली भरून घेतात, शाळांतही मुलांचे ‘प्रकार’ काढले जातात, आणि या सगळ्यामागचं कारण एकच सांगितलं जातं: समोरच्याचा प्रकार कळला की त्याच्याशी बोलणं सोपं होतं. स्वभावांतले फरक समजले तर संवाद सुधारतो, हे मला मनापासून मान्य आहे. माझा विरोध आहे तो ही समज ज्याच्यावर वापरली जाते त्या निवडीला. आज ती समोरच्यावर वापरली जाते. ती आधी स्वतःवर वापरायला हवी, आणि समोरच्याबद्दल अंदाज बांधण्याऐवजी त्याला सरळ विचारायला हवं.

हे मत मला पुस्तकांतून मिळालेलं नाही. काही वर्षांपूर्वी मी जिथे काम करत होते तिथे सगळ्यांसाठी एका दिवसाची कार्यशाळा झाली. प्रश्नावली भरली, प्रत्येकाला एक रंग मिळाला, रंगाचं कार्ड टेबलावर लावायचं ठरलं. मला लाल मिळाला: वेगाने निर्णय घेणारी, मुद्द्यावर येणारी. माझ्या हाताखाली काम करणाऱ्या एका तरुण सहकाऱ्याला हिरवा: शांत, समजूतदार, वाद टाळणारा. त्या दिवसाचा मला खरोखर उपयोग झाला. मी लोकांची वाक्यं मध्येच तोडते, हे मला तिथे पहिल्यांदा कुणीतरी तोंडावर सांगितलं.

पण पुढचे सात-आठ महिने मी त्या हिरव्या कार्डाच्या भरवशावर राहिले. बैठकीत कामं वाटली जायची, तारखा ठरायच्या, तो गप्प बसलेला असायचा, आणि मी मनात म्हणायचे, याची हरकत नसणार, हा समजून घेणारा आहे. नकोशी कामं हळूहळू त्याच्याकडे सरकत गेली. मग एके दिवशी त्याचा बदलीचा अर्ज माझ्यासमोर आला. मी त्याला बोलावून विचारलं, तेव्हा तो म्हणाला, “मॅडम, हे वेळापत्रक जमणार नाही हे मला पहिल्या आठवड्यातच दिसत होतं. पण बैठकीत मला कुणी विचारलंच नाही. सगळे म्हणायचे, याचं काय, हा सांभाळून घेतो.” थोडं थांबून त्याने आणखी एक गोष्ट सांगितली. घरी त्याच्या चढ्या आवाजाला सगळे कंटाळलेले असतात. मला ते खरंच वाटेना. माझ्या मनात तो माणूस हिरवा होता, आणि हिरव्या माणसाला चढा आवाज नसतो.

कार्ड नसतं तरी मी चुकले असते का? कदाचित चुकले असते. पण त्याच्या गप्प बसण्याचा अर्थ काय, हा प्रश्न तरी मला पडला असता. कार्डाने तो प्रश्नच मिटवून टाकला.

या कार्डांचं मूळ कुठे आहे तेही पाहायला हवं, कारण ती ‘शास्त्रीय’ आहेत असं सांगूनच दिली जातात. माणसांची प्रकारांत विभागणी ही फार जुनी हौस आहे. वात-पित्त-कफ प्रकृती आपल्याला माहीत आहेत. प्राचीन ग्रीक वैद्यकातही शरीरातल्या चार द्रवांची कल्पना होती आणि पुढे त्यांवरून चार स्वभाव कल्पिले गेले. आधुनिक काळात कार्ल युंग या स्विस मानसशास्त्रज्ञाने १९२१मध्ये स्वभावप्रकारांवर ग्रंथ लिहिला आणि अंतर्मुख-बहिर्मुख ही जोडी जगभर पोहोचली. युंगच्या मांडणीवरून अमेरिकेत कॅथरीन ब्रिग्ज आणि त्यांची मुलगी इसाबेल ब्रिग्ज मायर्स यांनी सोळा प्रकारांची, चार अक्षरांचे संकेत देणारी चाचणी रचली. दोघींपैकी कुणीही मानसशास्त्राचं रीतसर शिक्षण घेतलेलं नव्हतं. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात त्यांनी हे काम हाती घेतलं, आणि माणसांनी एकमेकांना समजून घ्यावं ही तळमळ त्यामागे होती. या तळमळीबद्दल मला आदर आहे. अडचण त्यांच्या हेतूत नसून मोजमापाच्या पद्धतीत आहे.

उंचीचं उदाहरण घ्या. शंभर माणसांना ‘उंच’ आणि ‘बुटकी’ अशा दोनच रांगांत उभं करायचं ठरवलं, तर बहुसंख्य माणसं मध्यम उंचीची असल्यामुळे रेघ त्या गर्दीच्या मधूनच मारावी लागेल. रेघेच्या अलीकडे-पलीकडे उभ्या असलेल्या दोन माणसांत बोटभराचा फरक असेल, पण एक ‘उंच’ आणि दुसरा ‘बुटका’ ठरेल. बहिर्मुखतेचंही असंच आहे. बहुतेक माणसं मधल्या पट्ट्यात असतात. त्यांना सोळा कप्प्यांत कोंबलं, की काही आठवड्यांनी तीच चाचणी पुन्हा दिल्यावर बऱ्याच जणांचा कप्पा बदलतो. त्या माणसांत बदल झालेला नसतो, ती फक्त रेघेच्या जवळ उभी असतात. या चाचणीचा वापर नोकरीसाठी उमेदवार निवडायला करू नये, असं ती चाचणी विकणारी मंडळीच सांगतात. तरीही मुलाखतीत ‘तुमचा टाइप कोणता?’ असा प्रश्न येतो, आणि उत्तरावरून माणूस संघात बसेल की नाही हे ठरवलं जातं. याला माझा स्वच्छ विरोध आहे. ज्या मोजपट्टीवर तिच्या मालकाचाच त्या कामापुरता विश्वास नाही, तिने कुणाच्या पोटापाण्याचा निर्णय होता कामा नये.

अभ्यासकांनी दुसरी वाटही शोधली. माणसाच्या स्वभावातलं जे जे महत्त्वाचं आहे, त्याला भाषेने कधी ना कधी नाव दिलेलं असणार, असा त्यांचा तर्क होता. गॉर्डन ऑलपोर्ट आणि हेन्री ऑडबर्ट यांनी १९३६मध्ये इंग्रजी शब्दकोश चाळून माणसाचं वर्णन करणारे जवळजवळ १८ हजार शब्द वेगळे काढले. पुढच्या काही दशकांत इतर संशोधकांनी असे शब्द चाळून, गटवार लावून, लोकांना आकडे द्यायला सांगून पाहिलं, आणि पुन्हा पुन्हा पाच मोठे गट हाती लागत गेले: नव्याची ओढ, शिस्त आणि जबाबदारी, बहिर्मुखता, सलोख्याची वृत्ती, आणि मन चटकन अस्वस्थ होण्याची प्रवृत्ती. इथे कप्पे नाहीत. प्रत्येक गुण कमी-अधिक असतो आणि प्रत्येक माणसाची पाचही गुणांची मात्रा वेगळी. ‘व्यक्ती तितक्या प्रकृती’ ही आपली म्हण या मांडणीच्या बरीच जवळ जाते. सोळा प्रकारांच्या ती विरुद्धच आहे.

मग कप्पे इतके लोकप्रिय का? कारण आपल्याबद्दल लिहिलेलं वाचलं की ते आपलंच वाटतं. बर्ट्रम फोरर या मानसशास्त्राच्या प्राध्यापकाने १९४८मध्ये आपल्या ३९ विद्यार्थ्यांची चाचणी घेतली आणि आठवड्याभराने प्रत्येकाला त्याचं स्वभाववर्णन दिलं. ते किती अचूक आहे याला पाचपैकी गुण द्यायला सांगितलं. सरासरी चारच्या वर गेली. मग कळलं की सगळ्यांच्या हातात एकच मजकूर होता, आणि त्यातला बराचसा त्याने ज्योतिषाच्या पुस्तकातून उचलला होता. त्यात एक वाक्य असं होतं, की कधी तुम्ही मोकळे आणि मिळूनमिसळून वागणारे असता, तर कधी अलिप्त आणि सावध. हे कुणाला लागू पडणार नाही?

या प्रयोगावरून लोक स्वभावाच्या चाचण्यांना थेट थोतांड म्हणतात. मी तिथपर्यंत जात नाही. कार्यशाळेतून बाहेर पडणाऱ्या माणसांचे चेहरे मी पाहिले आहेत. ‘तो मला मुद्दाम टाळत नव्हता, त्याला विचार करायला वेळ लागतो’ हे ज्याला पहिल्यांदा उमगतं, त्याच्या खांद्यावरचं ओझं उतरताना दिसतं. नवरा-बायको वर्षानुवर्षं एकाच गोष्टीवरून भांडत असतात. एकाला भांडण त्याच रात्री मिटवायचं असतं, दुसऱ्याला आधी झोपायचं असतं. पहिल्याला वाटतं, हिला माझी पर्वा नाही. दुसरीला वाटतं, हा मला श्वास घेऊ देत नाही. यात कुणीही दुष्ट नाही, दोघांची सावरण्याची गती वेगळी आहे, एवढं कळलं तरी भांडणातली अर्धी धग जाते. प्रकारांच्या भाषेने ही समज कितीतरी घरांत पोहोचवली आहे. तिचं हे श्रेय मी नाकारत नाही.

अडचण पुढच्या पायरीवर येते. मार्क स्नायडर आणि विल्यम स्वॉन या मानसशास्त्रज्ञांनी १९७८मध्ये प्रसिद्ध केलेला एक अभ्यास मला वारंवार आठवतो. काही जणांना सांगितलं की समोरची व्यक्ती बहिर्मुख आहे का ते प्रश्न विचारून तपासा. काहींना सांगितलं की ती अंतर्मुख आहे का ते तपासा. प्रश्नांची यादी तयार होती, त्यातून निवडायचं होतं. बहिर्मुखता तपासणाऱ्यांनी प्रश्न निवडले ते समारंभात रंगत कशी आणाल अशा धर्तीचे. अंतर्मुखता तपासणाऱ्यांनी निवडले ते कोणत्या प्रसंगी मोकळं होणं जड जातं अशा धर्तीचे. अशा प्रश्नांना उत्तर देताना कुणीही माणूस त्या-त्या प्रकारचाच वाटणार. आणि तसंच झालं: नुसती उत्तरं ऐकणाऱ्या तिसऱ्या माणसांनाही ती व्यक्ती त्याच प्रकारची वाटली. तपासायला निघालेले लोक नकळत घडवत होते. मी त्या सहकाऱ्याशी हेच केलं. त्याला विचारलेले माझे सगळे प्रश्न ‘जमेल ना?’ या पद्धतीचे होते. ‘काय जमणार नाही?’ असं मी कधी विचारलं नव्हतं.

आणि त्याचा घरातला चढा आवाज? त्यात विसंगत काहीच नाही. वॉल्टर मिशेल या मानसशास्त्रज्ञाने १९६८मध्ये दाखवून दिलं की एका प्रसंगातल्या वागण्यावरून दुसऱ्या प्रसंगातलं वागणं सांगता येईल, हा आपला विश्वास पुराव्यापेक्षा फार मोठा आहे. त्यावरून मानसशास्त्रात वर्षानुवर्षं वाद चालला. स्वभाव नावाचं काही नसतंच, इतक्या टोकाला आज कुणी जात नाही. दीर्घ काळाची सरासरी काढली तर माणसाचा कल दिसतो. पण सरासरीशी कुणी बोलत नाही. आपण बोलतो ते मंगळवारी सकाळी, घाईच्या बैठकीत, वरिष्ठांसमोर बसलेल्या माणसाशी. तो गप्प असेल तर त्यामागे स्वभाव असेल, नोकरीची भीती असेल, आदल्या रात्रीचं जागरण असेल, किंवा बैठकीची भाषा त्याच्या सवयीची नसेल. दुसऱ्याच्या वागण्याचं कारण शोधताना आपण परिस्थिती विसरतो आणि स्वभावावर खापर फोडतो. ली रॉस या मानसशास्त्रज्ञाने १९७७मध्ये या चुकीला जे नाव दिलं त्यातच ‘मूलभूत’ हा शब्द आहे. स्वतः उशिरा आलो की रस्ता कारण असतो, दुसरा उशिरा आला की तो बेशिस्त असतो.

‘स्वभावाला औषध नाही’ ही म्हण म्हणूनच मला खटकते. ती म्हटली की बोलणं संपतं. आणि ती दोन्ही बाजूंनी वापरली जाते. दुसऱ्याबद्दल म्हटली की आपण प्रयत्न सोडतो, आणि स्वतःबद्दल म्हटली की जबाबदारी सोडतो. ‘मी फटकळच आहे, पोटात एक आणि ओठात एक मला जमत नाही’ असं अभिमानाने सांगणारी माणसं मला अनेक भेटली आहेत. त्यांतली बहुतेक आपल्या साहेबांसमोर अजिबात फटकळ नसतात. म्हणजे शब्द तोलून बोलणं त्यांना येतं. कुणासाठी तोलायचे आणि कुणासाठी नाही, एवढीच ती निवड आहे. अलीकडे हीच सवलत नव्या नावाने मागितली जाते: मी अंतर्मुख आहे, म्हणून निरोपाला उत्तर देणार नाही, मी लाल आहे, म्हणून ओरडणार. स्वभावाने एखादी गोष्ट अवघड होते हे खरं, आणि ज्याला ती अवघड जाते त्याला सवड द्यायलाच हवी. पण दुसऱ्याला होणारा त्रास त्यामुळे रद्द होत नाही.

स्वतःवर ही समज वापरायची म्हणजे काय, ते आता सांगते. सुरुवात या जाणिवेपासून होते, की आपलं बोलणं समोरच्याच्या कानावर कसं पडतं हे आपल्याला ऐकूच येत नाही. एलिझाबेथ न्यूटन हिने १९९०मध्ये स्टॅनफर्ड विद्यापीठात एक साधा प्रयोग केला. एकाने ओळखीच्या गाण्याचा ठेका टेबलावर बोटाने वाजवायचा, दुसऱ्याने गाणं ओळखायचं. वाजवणाऱ्यांना वाटलं, निम्म्या वेळा तरी ओळखलं जाईल. १२० पैकी फक्त ३ गाणी ओळखली गेली. वाजवणाऱ्याच्या मनात चाल, शब्द, वाद्यं सगळं चालू असतं. समोरच्याला ऐकू येते ती टकटक. मी ‘हे आज बघून घे’ म्हणते तेव्हा माझ्या मनात ‘तुझ्यावर विश्वास आहे’ ही चाल वाजत असते. समोर पोहोचतो तो हुकूम. समोरचा चिडला की मी म्हणते, हा फारच हळवा आहे. हळवा शब्द जिभेवर येण्याआधी स्वतःची टकटक ऐकायला शिकणं, हा माझ्या मते संवादाचा पहिला अभ्यास आहे, आणि प्रश्नावलीचा निकाल त्याच्यापुरता खरोखर कामाचा आहे.

मग गती. दहा वेगवेगळ्या भाषांतल्या संभाषणांचा एक अभ्यास २००९मध्ये प्रसिद्ध झाला. एकाचा प्रश्न संपून दुसऱ्याचं उत्तर सुरू होईपर्यंतचं अंतर सरासरी सेकंदाचा पाचवा भाग, एवढंच निघालं. भाषांभाषांत थोडा फरक आहे, पण सगळीकडे ते इतकंच चिमुकलं. एखादा शब्द मनात जुळवून तोंडातून काढायलाच याहून जास्त वेळ लागतो. याचा अर्थ समोरचा बोलत असतानाच आपलं उत्तर तयार होऊ लागलेलं असतं, आणि हे सगळ्यांचंच होतं. अशा शर्यतीत जो माणूस ऐकून घेतो, मग विचार करतो आणि मग बोलतो, त्याची पाळी कधी येतच नाही. त्याने तोंड उघडेपर्यंत कुणीतरी पुढे गेलेलं असतं. मग आपण म्हणतो, हा घुमा आहे.

शाळेच्या वर्गात हे मोजलं गेलं आहे. मेरी बड रो या अमेरिकन शिक्षणतज्ज्ञ बाईंनी वर्गांतल्या ध्वनिफिती ऐकल्या तेव्हा दिसलं की प्रश्न विचारल्यावर शिक्षक उत्तरासाठी जेमतेम एक सेकंद थांबतात. त्यांनी शिक्षकांना किमान तीन सेकंद थांबायला शिकवलं. उत्तरं कितीतरी लांब झाली, निरुत्तर राहणारी मुलं कमी झाली, आणि एरवी कधी न बोलणारी मुलं आपणहून बोलू लागली. कुणाचाही स्वभाव बदललेला नव्हता; शिक्षक फक्त थोडे जास्त थांबले होते. त्यांच्या नोंदींत आणखी एक गोष्ट आहे, ती वाचून मी बराच वेळ अस्वस्थ होते. जी मुलं हुशार मानली जात त्यांच्या उत्तरासाठी शिक्षक जास्त थांबत. जी मठ्ठ मानली जात त्यांच्यासाठी कमी. म्हणजे ज्याला वेळेची गरज जास्त, त्यालाच तो कमी मिळत होता, आणि कारण होतं त्याच्यावर आधीच मारलेला शिक्का. मुलांना ‘अबोल प्रकार’, ‘चळवळ्या प्रकार’ अशी नावं देणाऱ्या शाळांनी आधी हे वाचावं.

तीन सेकंद हे ऐकायला काहीच नाहीत. बैठकीत प्रश्न विचारून मनात तीन मोजून पाहा. जीव टांगणीला लागतो. माझ्यासारख्या भरभर बोलणाऱ्या माणसाला तर ती शांतता भरून काढायची इतकी घाई होते, की मी स्वतःच्याच प्रश्नाचं उत्तर देऊन मोकळी होते. ही सवय मोडायला मला अजूनही कष्ट पडतात. पण समोरच्याचे सोळा प्रकार पाठ करण्यापेक्षा हे तीन सेकंद मला अधिक उपयोगी पडले.

राहिलं समोरच्याला समजून घेणं. ‘स्वतःला त्याच्या जागी ठेवून पाहा’ हा सल्ला आपण लहानपणापासून ऐकतो, आणि तो चांगला आहे असंच मी मानत आले. ताल एयाल, मेरी स्टेफेल आणि निकोलस एपली या तिघांनी २०१८मध्ये पंचवीस प्रयोगांचा अहवाल मांडला. दुसऱ्याच्या जागी स्वतःची कल्पना केल्याने त्याच्या मनातलं अधिक अचूक ओळखता येतं का, हे त्यांनी तपासलं. येत नाही. कल्पना करणाऱ्यांचा अंदाज सुधारला नाही. सुधारला तो ज्यांनी त्या व्यक्तीला विचारलं त्यांचा. हा निष्कर्ष साधा आहे, पण प्रकारांच्या सगळ्या व्यवसायाचा पायाच तो हलवतो. प्रकार हा अंदाजच असतो, फक्त छापील. आणि ज्याच्याबद्दल अंदाज बांधायचा तो माणूस समोर बसलेला असतो, त्याला भाषा येत असते.

यावर एक हरकत घेतली जाते आणि ती खरी आहे. सगळ्यांना आपल्याबद्दल सांगता येत नाही. भिडस्त माणूस ‘मला काहीही चालेल’ म्हणतो आणि नंतर कुढतो. ज्याच्या हातात सत्ता आहे त्याने विचारलं तर समोरचा त्याला हवं तेच उत्तर देतो. म्हणून विचारण्यालाही रीत लागते. ‘तुम्ही कसे आहात?’ असं विचारून उपयोग नाही; ते सांगणं कुणालाच अवघड. गोष्टी विचाराव्यात. तुला हे बोलून सांगू की लिहून देऊ? चूक दाखवायची असेल तर लगेच दाखवू की काम संपल्यावर? चारचौघांत चालेल की एकट्यात? उत्तर आत्ता हवं म्हटलं तर अडचण होईल का, उद्या सकाळी चालेल? आणि ज्याच्या हाताखाली माणसं आहेत त्याने आधी स्वतःचं सांगावं: मी घाईत तोडून बोलते, तसं झालं तर मला थांबव. वरच्याने आपली उणीव उघड केली की खालच्याला बोलायला जागा मिळते.

कार्ल रॉजर्स या मानसोपचारतज्ज्ञाने १९५०च्या दशकाच्या सुरुवातीला वाद सोडवण्यासाठी एक नियम सुचवला होता. समोरच्याने जे म्हटलं ते, त्यामागच्या भावनेसकट, त्याला पटेल असं परत सांगितल्याशिवाय आपला मुद्दा मांडायचा नाही. मी हा नियम घरात वापरून पाहिला आहे. पहिल्या दोन-तीन वेळा मी जे परत सांगितलं ते समोरच्याने ‘नाही, मी असं म्हटलंच नाही’ म्हणून फेटाळलं. किती गोष्टी मी ऐकल्या असं मला वाटत होतं आणि ऐकल्याच नव्हत्या, हे तेव्हा कळलं. या नियमासाठी समोरच्याचा प्रकार माहीत असावा लागत नाही. तो बोलका असो की अबोल, नियम तोच.

कार्यालयांना आणि शाळांना माझं सांगणं एवढंच आहे. चाचण्या घ्यायच्या तर घ्या, पण निकाल ज्याचा त्याच्या हातात द्या. तो टेबलावर लावायला लावू नका, फाइलीत घालू नका, बढतीच्या चर्चेत आणू नका. ज्याला सांगावंसं वाटेल तो सांगेल. आणि चाचणीवर जितका वेळ आणि पैसा खर्च होतो, त्यातला थोडा बैठका नीट करण्यावर घाला. विषय आदल्या दिवशी लिहून पाठवा, म्हणजे विचार करून बोलणाऱ्याला रात्र मिळेल. निर्णयाआधी प्रत्येकाला नाव घेऊन विचारा. लिहून मत द्यायची सोय ठेवा. यातून बुजऱ्यालाही जागा मिळते आणि वाचाळाचाही अपमान होत नाही.

त्या सहकाऱ्याची बदली झाली. ती मी अडवली नाही. दोनेक वर्षांनी आम्ही पुन्हा एका कामावर एकत्र आलो. पहिल्याच दिवशी मी त्याला विचारलं, तुझी हरकत असली तर ती माझ्यापर्यंत कशी पोहोचेल? तो म्हणाला, “मला विषय आधी द्या. आणि बैठकीत शेवटी विचारू नका, मधे कधीतरी विचारा. शेवटी सगळे उठायच्या तयारीत असतात.” मी तसं करू लागले. तिसऱ्या की चौथ्या बैठकीत त्याने माझ्या आराखड्यातल्या चुका एकामागून एक मांडल्या. आवाज चढलेला होता. मला मध्येच बोलायचं होतं. मी हात टेबलाखाली घट्ट धरून बसले, आणि त्याचं संपल्यावर मनात तीन मोजले. तो आणखी दोन मुद्दे बोलला. आराखडा आम्हाला पहिल्यापासून करावा लागला.